आकाशवाणीच्या बातम्या : खऱ्या किती, सरकारच्या किती?

मीटरबँड

मंडळी, एक साधा प्रश्न. गाडीत रोज खासगी एफएम ऐकतो आपण, आरजे जगातल्या यच्चयावत विषयांवर बडबडतो, ट्रॅफिक सांगतो, पाऊस सांगतो, मॅचचा स्कोअर सांगतो, पण बातम्या? नाहीत. कधी लक्षात आलंय का? टीव्हीवर चोवीस तास आरडाओरडा चाललेला असतो, मोबाईलवर कोणीही उठतो आणि न्यूज पोर्टल काढतो, पण रेडिओवर स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा या देशात अजूनही फक्त आकाशवाणीला आहे. खासगी स्टेशनला बातम्या लावायच्याच असतील तर आकाशवाणीचं बुलेटिन जसंच्या तसं लावायचं, एक शब्द इकडचा तिकडे न करता, आणि तेवढीही सूट २०११ च्या धोरणात मिळाली. कॉमन कॉज ही संस्था याविरुद्ध २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टात गेली होती. सरकारचं म्हणणं सुरक्षेचं, इतक्या स्टेशनांवर लक्ष कोण ठेवणार वगैरे.

हे असं का झालं ते कळायला जरा मागे जावं लागतं. गंमत म्हणजे आपल्याकडे रेडिओ सुरू झाला तो खासगीच. २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र व्हाइसरॉय आयर्विनच्या हस्ते सुरू झालं, महिन्याभरात कलकत्ता. लायसन वर्षाला दहा रुपये, त्या काळी दहा रुपये म्हणजे काय ते आजोबा-पणजोबांना विचारा, त्यात रेडिओचा सेटही महाग, त्यामुळे श्रोते मूठभर आणि तीन वर्षांच्या आत कंपनीचा बाजार उठला. १ एप्रिल १९३० पासून सरकारने ती चालवायला घेतली, ती सुद्धा नाखुशीनेच. मग १९३५ मध्ये बीबीसीतला लायोनेल फील्डन नावाचा माणूस कंट्रोलर म्हणून आला, १९ जानेवारी १९३६ ला दिल्लीहून पहिलं बातमीपत्र गेलं आणि त्याच वर्षी ८ जूनला ऑल इंडिया रेडिओ हे नाव लागलं. पुढच्या वर्षी चार्ल्स बार्न्सच्या हाताखाली वेगळा मध्यवर्ती वृत्तविभाग उभा राहिला. आणि मग आलं महायुद्ध. जर्मन रेडिओचा प्रचार खोडून काढायला १ ऑक्टोबर १९३९ ला पश्तू भाषेतून परदेशासाठी प्रसारण सुरू झालं, भाषा वाढत गेल्या, बुलेटिनं वाढत गेली. म्हणजे हे खातं उभं राहिलं सरकारी तिजोरीतून आणि अंगाने भरलं ते युद्धात. स्वातंत्र्यानंतर माणसं बदलली, व्यवस्था तीच.

माझा प्रश्न असा की मूळ असं सरकारी असूनही दोन-तीन पिढ्यांचा या बातम्यांवर विश्वास कसा काय बसला, आणि उडाला असेल तर कुठे उडाला? लिहा.

---

शमिका

वाचतेय. पुण्यात सात दहाच्या बातम्या म्हणजे शाळेची रिक्षा यायची वेळ, यापलीकडे मी कधी विचारच केला नव्हता 😀

---

गप्पीदास

विश्वास? कोणाचा? लोकांकडे दुसरं काही नव्हतं म्हणून ऐकायचे, त्याला विश्वास म्हणत नाहीत मालक.

२६ जून १९७५ ची सकाळ आठवा. आणीबाणी लागली हे देशाला कळलं ते इंदिराबाईंच्या आकाशवाणीवरच्या भाषणातून, कारण दिल्लीतल्या बऱ्याच छापखान्यांची वीज आदल्या रात्रीच गेलेली. पुढचे एकवीस महिने काय ऐकवलं? वीस कलमी कार्यक्रम, झाडं, नसबंदी आणि गाड्या वेळेवर धावतात. विरोधी पक्षाचे सगळे नेते तुरुंगात आणि बुलेटिनमध्ये त्याचा उच्चार नाही. पीटीआय, यूएनआय आणि दोन भाषिक वृत्तसंस्था एकत्र करून १९७६ मध्ये 'समाचार' नावाची एकच संस्था केली, म्हणजे बातमी जिथून येते तो नळही सरकारच्याच हातात. लोक उगाच ऑल इंदिरा रेडिओ म्हणायचे का?

आणि ३१ ऑक्टोबर १९८४. गोळ्या सकाळी साडेनऊच्या आत झाडल्या गेल्या. बीबीसीने दुपारीच सांगितलं की बाई गेल्या. आकाशवाणीने कधी सांगितलं? संध्याकाळी सहाला!! खुद्द राजीव गांधी बंगालच्या दौऱ्यावर होते, ते परतताना बीबीसी ऐकत होते. पंतप्रधानांच्या मुलाने जर घरची बातमी लंडनकडून ऐकायची तर तुमच्या वृत्तसेवेबद्दल अजून काय बोलायचं.

---

अण्णा_मिरजकर

गप्पीदास, ७५ बद्दल तुमच्याशी वाद नाही. ८४ बद्दल मात्र थोडं थांबा. राष्ट्रपती झैलसिंग परदेशात होते, ते संध्याकाळी दिल्लीत पोचले, नवा पंतप्रधान कोण याचा पत्ता नाही, अशा वेळी सरकारी रेडिओवर बातमी जाहीर करणं म्हणजे सरकारनेच जाहीर करणं. बीबीसी चुकली असती तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती देऊन मोकळी झाली असती. आकाशवाणीला ती चैन नव्हती.

आता ३० जानेवारी १९४८ बघा. गांधीजींना गोळ्या लागल्या सव्वापाचच्या सुमारास. सहा वाजता रेडिओवर बातमी होती. आणि त्या पहिल्याच बातमीत मारेकरी हिंदू आहे हे स्पष्ट सांगितलं होतं. फाळणी होऊन सहा महिने झालेले नाहीत, दिल्ली निर्वासितांनी भरलेली, कोणी मारलं याच्या अफवा पेट घ्यायच्या आत हे एक वाक्य देशभर पोचणं किती महत्त्वाचं होतं विचार करा. महाराष्ट्रात पुढे ब्राह्मणांची घरं जळली ते वेगळं आणि ते मी लहानपणी घरात ऐकलेलं आहे, पण देशपातळीवर जे होऊ शकलं असतं ते टळलं. नेहरू त्या रात्री बोलले तेही याच रेडिओवरून. आणि अंत्ययात्रेचं मेलव्हिल डी'मेलो यांनी केलेलं धावतं वर्णन, सात तास सलग. टीव्ही नव्हता, देशाने ती यात्रा कानांनी पाहिली.

विश्वास बसला तो अशा वेळांनी बसला असं माझं मत.

---

गप्पीदास

अण्णा, म्हणजे ४८ ला पाऊण तासात सांगितलं म्हणून चांगलं आणि ८४ ला आठ तास दाबलं तेही चांगलं? दोन्हीकडून ढोल वाजवताय. ८४ ला एवढं थांबून दिल्लीतली शिखांची कत्तल थांबली का? उलट दिवसभर अफवांना मोकळं रान मिळालं.

---

अण्णा_मिरजकर

दाबलं ते चांगलं असं मी म्हटलेलंच नाही. कारण सांगितलं. कारण आणि समर्थन यात फरक असतो.

---

कावेरी

मी काही वर्षं एका प्रादेशिक वृत्त विभागात कॅज्युअल वृत्तनिवेदक होते, केंद्राचं नाव नको. आतून कसं चालतं ते लिहिते, वादात पडायची हौस नाही.

दिल्लीला मोठी न्यूजरूम, तिथे एजन्सीच्या आणि स्वतःच्या वार्ताहरांच्या कॉप्या येतात, त्यातून निवडून, छाटून इंग्रजी आणि हिंदी मजकूर तयार होतो, त्याला पूल म्हणतात. भाषांचे विभाग त्या पूलवरून आपापलं बुलेटिन बांधतात. तिथे जे बसतात त्यांचं पदच वृत्तनिवेदक आणि अनुवादक असं जोडीचं, म्हणजे जो वाचतो त्यानेच आधी लिहायचं. प्रादेशिक केंद्रावर यात भर पडते ती जिल्ह्याजिल्ह्यातल्या अंशकालीन वार्ताहरांची. हे लोक म्हणजे कोणी वकील, कोणी प्राध्यापक, कोणी स्थानिक पेपरवाला, मानधन अगदीच नाममात्र, आणि फोनवर बातमी सांगायचे. लाइन खराब असली की गावाचं नाव तीन-तीनदा विचारून घ्यायचं, कारण एका नावाची चार गावं असतात आणि पूर कुठल्या गावाला आलाय हे चुकलं तर धडगत नाही.

वाचायची पानं आम्ही हाताने लिहायचो, मोठ्या अक्षरात, एका बाजूला, ओळीत भरपूर जागा सोडून. वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर जाऊ द्यायचं नाही हा पहिला नियम. दुसरा, पानांना टाचणी नाही की स्टेपल नाही, वाचून झालेलं पान उचलायचं नाही, आवाज येतो, ते अलगद डावीकडे सरकवायचं. आकडा अंकात लिहायचा नाही, अक्षरात लिहायचा, लाखा-कोटीत अडखळायला होतं. 'असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं' हे शेवटी ठेवायचं नाही, कोण बोललं ते आधी, काय बोलला ते नंतर, कारण ऐकणारा मागे जाऊन परत वाचू शकत नाही. आणि शेवटाला दोन-तीन छोट्या बातम्या हाताशी तयार ठेवायच्या, हवामान, खेळ, कुठलंसं संमेलन. घड्याळाकडे बघत संपादक स्टुडिओच्या काचेपलीकडून बोटाने खूण करतो, ही घे, ती सोड. दहा मिनिटांचं बुलेटिन म्हणजे दहा मिनिटं, पुढचा कार्यक्रम तुमच्यासाठी थांबत नाही. पाच सेकंद उरली तर गप्प बसायचं नसतं, ठळक बातम्यांतलं शेवटचं वाक्य सावकाश घ्यायचं.

आता दबावाचं. मला कोणी कधी फोन करून हे वाचा ते वाचू नका असं सांगितलेलं नाही. त्याची गरजच पडत नाही हो. आकाशवाणीची एक आचारसंहिता आहे साठच्या दशकापासूनची, मित्रराष्ट्रावर टीका नको, नाव घेऊन पक्षावर हल्ला नको, धर्मावर नको, न्यायालयाचा अवमान नको, यादी मोठी आहे. ती अंगात इतकी भिनते की माणूस आपोआपच मंत्र्याची बातमी वर घेतो आणि मोर्चाची खाली. मोर्चा दिला जातो, नाही असं नाही. पण दोन ओळी.

---

जुना_खोडकर

कावेरीताई, प्रतिसाद एक नंबर. अजून लिहा.

अवांतर: संस्कृत बातम्या कोणाकोणाला पाठ आहेत? 'इयम् आकाशवाणी, सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्, प्रवाचकः बलदेवानन्दसागरः'. सहा पंचावन्नला. १९७४ पासून चालू आहेत. आमच्या अख्ख्या वर्गाला एवढं एकच संस्कृत यायचं आणि परीक्षेत ते कधीच विचारलं नाही.

अवांतर २: केंद्र सुरू होताना वाजायची ती धून, तंबोरा आणि व्हायोलिन, ती वॉल्टर कॉफमन नावाच्या ज्यू संगीतकाराची. हिटलरच्या भीतीने प्रागहून मुंबईत आला आणि आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळू लागला. शिवरंजनीच्या अंगाची धून आणि करणारा युरोपातला निर्वासित, नशीब बघा.

---

बांधावरून

धीम्या गतीच्या बातम्या कोणालाच आठवत नाहीत? 'ये धीमी गति के समाचार हैं'. शहरवाल्यांना त्या ऐकून झोप यायची, पण त्या ऐकण्यासाठी नव्हत्याच, लिहून घेण्यासाठी होत्या!

आमच्या सासऱ्यांचं तालुक्याच्या गावी छोटं दैनिक होतं, चार पानी, खिळ्यांची (शिशाच्या सुट्या अक्षरांची) जुळणी. टेलिप्रिंटर, म्हणजे एजन्सीच्या बातम्या तारेवरून छापून देणारं यंत्र, घ्यायची ऐपत नव्हती. मग रेडिओसमोर एक माणूस बसवलेला, तो लिहून घ्यायचा. निवेदक अर्धं वाक्य म्हणणार, थांबणार, तेच परत म्हणणार, नाव अवघड असलं की अक्षरं फोडून सांगणार, मग पुढचं अर्धं. लिहून झालेला कागद लगेच आत कंपोझिटरकडे, दुसरा कागद चालू. दिल्लीत संध्याकाळी जे झालं ते पहाटे आमच्या बाजारपेठेत छापून यायचं ते असं. पावसाळ्यात खरखर वाढली की लिहिणारा रेडिओला कान लावून शिव्या घालायचा आणि मधली गाळलेली वाक्यं सासरे अंदाजाने भरायचे 🤭 ते म्हणायचे, रेडिओने सांगितलंय म्हणजे पोलीस येऊन विचारणार नाहीत. छोट्या पेपरवाल्याला एवढा आधार पुरे असायचा.

त्यामुळे गप्पीदासभाऊ, सरकारी होतं हे खरंच, पण ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांना फुकट मिळणारी तीच एक एजन्सी होती.

---

गप्पीदास

हे माहीत नव्हतं. भारी.

पण माझा मुद्दा उरतोच की. फुकट एजन्सी दिली आणि शेकडो छोट्या पेपरांत पहिल्या पानाचा क्रम दिल्लीने ठरवला. एकाच नळाचं पाणी सगळ्या गावाला.

---

मीटरबँड

शॉर्टवेव्हवर स्टेशनं शोधायचा छंद आहे म्हणून एक निरीक्षण टाकतो. आकाशवाणीने जेव्हा जेव्हा एखादं दार लावून घेतलं तेव्हा श्रोत्याने भांडण केलं नाही, त्याने फक्त खुंटी फिरवली. १९५२ मध्ये माहिती-प्रसारण मंत्री झालेल्या केसकरांनी (आपलेच, मराठी) फिल्मी गाण्यांना बंदी घातल्यासारखंच केलं, लोक रेडिओ सिलोनवर गेले, आणि ते परत आणायला १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये विविध भारती काढावी लागली. बातम्यांचं तेच. ७५ ते ७७ मध्ये खेडोपाडी बीबीसी हिंदी ऐकायची सवय वाढली. गाणी परत आणायला विविध भारती काढली, बातम्यांसाठी तसं काही निघालंच नाही.

आणि उलट बाजूही आहे. ७१ च्या युद्धात पूर्व बंगालमधले लोक चोरून आकाशवाणी ऐकायचे, कलकत्त्याहून देबदुलाल बंद्योपाध्याय वाचायचे ते. पाकिस्तानी सैन्याला शरण या म्हणून लष्करप्रमुख माणेकशॉंचे संदेश गेले तेही आकाशवाणीवरून. म्हणजे शेजारच्या देशातल्या माणसाला त्याचा सरकारी रेडिओ खोटा वाटायचा आणि आपला सरकारी रेडिओ खरा.

---

शमिका

मी आता शोधत बसले तर एक सापडलं. उषा मेहतांचं काँग्रेस रेडिओ! २७ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत सुरू, ४२.३४ मीटरवर, पोलिसांच्या भीतीने सारख्या जागा बदलायच्या, आणि चिमूर-आष्टीच्या उठावासारख्या ज्या बातम्या सरकारी रेडिओ देत नव्हता त्या हे देत होते. पकडले गेले १२ नोव्हेंबर १९४२ ला. आणि बरोब्बर पाच वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९४७ ला, गांधीजी दिल्लीच्या ब्रॉडकास्टिंग हाउसमध्ये आले आणि कुरुक्षेत्रच्या छावणीतल्या निर्वासितांशी बोलले, स्टुडिओत ते तेवढे एकदाच आले. तोच दिवस आता लोकसेवा प्रसारण दिन म्हणून पाळतात. पाळणाऱ्यांपैकी किती जणांना ४२ ची तारीख माहीत असेल देव जाणे.

---

अण्णा_मिरजकर

शमिका, छान जोडलंत.

स्वायत्ततेचा इतिहास कोणी काढला नाही म्हणून थोडक्यात. चंदा समितीने १९६६ मध्येच सांगितलं की रेडिओ सरकारी खात्यातून काढून महामंडळ करा. केलं नाही. फक्त दूरदर्शन १ एप्रिल १९७६ ला वेगळं काढलं. जनता सरकार आलं, अडवाणी माहितीमंत्री, वर्गीस समिती बसली, तिने १९७८ मध्ये आकाशभारती नावाचा स्वतंत्र न्यास सुचवला. सरकारच पडलं. प्रसार भारतीचा, म्हणजे आकाशवाणी-दूरदर्शनच्या स्वायत्त महामंडळाचा, कायदा १९९० मध्ये झाला आणि अंमलात आला १९९७ मध्ये. सात वर्षं नुसता फायलीत. विरोधात असताना प्रत्येक पक्षाला स्वायत्तता हवी असते, सत्तेत आलं की फाइल सापडत नाही. एक चांगली गोष्ट मात्र ७७ मध्ये झाली ती टिकली, निवडणुकीत विरोधी पक्षांनाही रेडिओवर भाषणाची वेळ.

---

कावेरी

अण्णा, त्यात एक भर. प्रसार भारती झाली तरी वृत्तसेवा विभागातल्या वरच्या खुर्च्यांवर भारतीय माहिती सेवेचेच अधिकारी बसतात. तेच अधिकारी उद्या बदली होऊन सरकारच्या पत्र सूचना कार्यालयात जातात, म्हणजे आज बातमी निवडायची आणि उद्या मंत्रालयाची प्रेसनोट काढायची. माणसं वाईट नव्हती, काही तर अफाट वाचलेली आणि भाषेला कडक होती. पण कायद्यातली स्वायत्तता आणि पगाराच्या स्लिपवरची स्वायत्तता वेगवेगळी.

---

बांधावरून

आणि आता तर केंद्रंच आवळत चाललीयेत. दिल्लीहून साडेआठला आणि दुपारी दीडला मराठी बातम्या यायच्या त्या मुंबईला हलवल्या. २०२३ मध्ये पुण्याचा वृत्त विभाग बंद करून सात दहाचं बुलेटिन संभाजीनगरहून करायचा आदेश निघाला होता, बोंबाबोंब झाली आणि थांबवला. पुण्याचं म्हणून बोंब तरी झाली. बाकी ठिकाणी कोण बोंब मारणार?

---

गप्पीदास

बघा, इथे मी तुमच्या बाजूने. मला सरकारी बातम्या नकोत, पण जिल्ह्याच्या बातम्या हव्यात. पुन्हा मूळ प्रश्नावर: खासगी एफएमला उद्या बातम्या द्यायची परवानगी दिली तर?

---

कावेरी

माझं मत, द्यावी. पण तुम्हाला वाटतं ते होणार नाही. एफएमवाले मुंबई-पुण्यात बातम्या करतील, जिथे जाहिरात आहे. गडचिरोलीत अंशकालीन वार्ताहर कोण पोसणार? आणि २०१९ च्या जानेवारीत सरकारने खासगी एफएमना आकाशवाणीच्या बातम्या फुकट लावायची मुभा दिली होतीच, तुमच्यापैकी कोणाला त्या कुठल्या स्टेशनवर ऐकल्याचं आठवतंय?

---

जुना_खोडकर

नाही 🙈

---

गप्पीदास

नाही. पण लावल्या नाहीत कारण त्या सरकारी होत्या, हेही असू शकतं ना? स्वतःच्या करायला देऊन तर बघा. समाजाचे छोटे रेडिओ आहेत, कम्युनिटी रेडिओ, शेतीविद्यापीठांचे, संस्थांचे, त्यांना तरी द्या. गडचिरोलीत तेच पोचतील.

---

कावेरी

हे मान्य. कम्युनिटी रेडिओला आधी द्यावी, मोठ्या एफएमला नंतर.

---

शमिका

एक बावळट प्रश्न. रेडिओ आणलाय माळ्यावरून, सेल टाकले, सात दहाचं पुणे नेमकं लागतं कुठे? नुसतं घर्र्र येतंय.

---

मीटरबँड

मीडियम वेव्ह ७९२ किलोहर्ट्झ. घर्र घरातूनच येतंय, एलईडी दिवे आणि मोबाईलचा चार्जर बंद कर, रेडिओ खिडकीपाशी ने आणि आडवा-उभा फिरवून बघ, अँटेना आतच असते. तरी नाही जमलं तर न्यूज ऑन एअरचं ॲप टाक, पण मग माळ्यावर चढलीस कशाला?